मिस्टर प्रेसिडेंट, एक प्रश्न होता!

सुरुवात एका स्कर्टपासून करू या.

५ डिसेंबर १९१६, वॉशिंग्टन. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन अमेरिकी काँग्रेससमोर भाषण करतायत. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत, अगदी पहिल्या रांगेत, पाच जणी बसल्यात. चेहऱ्यावरची माशी हलत नाही. पण त्यांच्यातल्या मेबल व्हर्नन यांच्या स्कर्टला आतून पिना लावून पिवळ्याधमक सॅटिनचा एक भलामोठा बॅनर अडकवलेला आहे! पोर्टो रिकोच्या लोकांना जास्त हक्क द्यायला हवेत, या मुद्द्यावर विल्सनसाहेब आले आणि वरून सळ्ळकन बॅनर सुटला. "मिस्टर प्रेसिडेंट, स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुम्ही काय करणार?"

साहेबांनी वर पाहिलं, हसले आणि पुढचं वाक्य वाचायला लागले. खाली एका कर्मचाऱ्याने उडी मारून बॅनर खेचून काढला. खेळ जेमतेम काही क्षणांचा. पण प्रश्न विचारून झाला होता!

माहीत आहे का? मेबलबाईंचा हा पहिला प्रश्न नव्हता. त्याच वर्षी ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, कामगार संघटनेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला विल्सन आले होते. सगळ्या वर्गांचं हित आपल्याला कसं साधायचंय, हे ते सांगत होते. मेबल उभ्या राहिल्या. सगळ्यांचं हित हवंय ना, मग बायकांच्या मताधिकाराला विरोध का? उत्तर आलं, या विषयावर आपल्याला नंतर विचारविनिमय करावा लागेल. हे 'नंतर बघू' आपल्याही ओळखीचं आहे, नाही का? थोड्या वेळाने मेबल पुन्हा उठल्या, तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी त्यांना सभेतून बाहेर काढण्यात आलं.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक म्हटली की आपल्याला फुगे, टोप्या आणि टीव्हीवरचे लाल-निळे नकाशे आठवतात. पण या तमाशातली सगळ्यात थ्रिलिंग गोष्ट मला विचाराल, तर ती असते गर्दीतून उठलेली एखादी बाई आणि तिचा एक साधा, सरळ, धोरणावरचा प्रश्न. मोठमोठ्या कॅम्पेनची भंबेरी त्या एका प्रश्नाने उडालेली आहे. चला, धमाल सफर सुरू!

गेटवरच्या बायका

व्हाइट हाउससमोर बॅनर घेऊन उभं राहणं आज रोजचं झालंय. पण ही आयडिया पहिल्यांदा कुणी राबवली, माहीत आहे का? बायकांनी! १० जानेवारी १९१७ रोजी अ‍ॅलिस पॉल यांच्या नॅशनल वूमन्स पार्टीच्या कार्यकर्त्या गेटवर जाऊन उभ्या राहिल्या. ना घोषणा, ना आरडाओरडा. हातात बॅनर आणि त्यावर प्रश्न. नाव पडलं 'मूक पहारेकरी'.

आठवड्यातले सहा दिवस, पाळ्या लावून. आज शिक्षिकांची पाळी, उद्या कॉलेजच्या मुलींची, परवा अमुक राज्याची. सुमारे २,००० जणींनी हा पहारा दिला. थंडी अशी की पायाखाली गरम केलेल्या विटा ठेवून उभं राहायचं. विल्सन गाडीतून जाताना हॅट उचलून अभिवादन करायचे. एकदा तर आत येऊन कॉफी घ्या, असं आमंत्रणही आलं. बायकांनी नाकारलं. त्या कॉफीला नाही, उत्तराला आल्या होत्या!

मग धरपकड झाली. आरोप? फुटपाथवरची रहदारी अडवली. सुमारे ५०० जणींना अटक झाली आणि १६८ जणी प्रत्यक्ष तुरुंगात गेल्या. तिथे उपोषण केलं, तर नळी घालून बळजबरीने अन्न घशाखाली उतरवलं गेलं. सुटून आल्यावर प्रत्येकीला एक चांदीची पिन मिळाली. आकार तुरुंगाच्या दाराचा, त्यावर साखळी आणि बदामाच्या आकाराचं इवलंसं कुलूप. सराफाच्या दुकानात न मिळणारा दागिना!

माहीत आहे का? १९१९ मध्ये तर या बायकांनी व्हाइट हाउससमोर मोठ्या भांड्यात जाळ पेटवला आणि विल्सनसाहेबांची लोकशाहीवरची भाषणं त्यात एकेक करून टाकली. भाषण 'ज्वलंत' करायची याहून चांगली पद्धत नसेल!

मत नव्हतं, तरी वजन होतं

आता जरा मागे, १८६० मध्ये. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावची ११ वर्षांची ग्रेस बेडेल. तिने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला पत्र लिहिलं, तुम्ही दाढी वाढवा. बायकांना दाढी आवडते, त्या आपापल्या नवऱ्यांच्या मागे लागतील आणि तुम्हाला मतं मिळवून देतील! उमेदवाराचं नाव? अब्राहम लिंकन. चारच दिवसांत त्यांनी उत्तर धाडलं. निवडून आल्यावर वॉशिंग्टनला जाताना गाडी वेस्टफील्डला थांबली, तेव्हा ते ग्रेसला भेटलेही. तेही दाढीसकट. ११ वर्षांच्या पोरीला व्होट बँक कळली होती, आणि तीही बायकांना व्होट नसताना.

सुझन बी. अँथनी मात्र पत्र लिहून थांबल्या नाहीत. १८७२ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत रॉचेस्टर गावी त्या थेट मत देऊन आल्या. अटक, खटला, १०० डॉलर दंड. तो दंड त्यांनी कधीही भरला नाही. आज मतदानाच्या दिवशी रॉचेस्टरच्या बायका त्यांच्या थडग्यावर 'मी मत दिलं' असे स्टिकर लावून येतात. २०१६ मध्ये स्टिकरची इतकी गर्दी उडाली, की पुढे २०२० मध्ये दगडाला जपण्यासाठी वर प्लॅस्टिकचं कव्हर घालावं लागलं.

त्याच १८७२ मध्ये व्हिक्टोरिया वुडहल चक्क राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या होत्या. मतदानाच्या दिवशी त्या कुठे होत्या, माहीत आहे का? तुरुंगात!

आणि हे ऐका. १९०७ च्या कायद्यानुसार अमेरिकन बाईने परदेशी पुरुषाशी लग्न केलं, की तिचं अमेरिकी नागरिकत्व गेलं! म्हणजे गळ्यात माळ पडली की मतपत्रिका गळाली. १९२२ मध्ये हा नियम सैल झाला. पण नवरा आशियाई असेल, म्हणजे अमेरिकी नागरिक व्हायला अपात्र असेल, तर बायकोचं नागरिकत्व जाण्याचा धोका १९३१ पर्यंत होता. भारतातून गेलेल्यांना अमेरिकी नागरिकत्वाची वाट मोकळी झाली ती १९४६ मध्ये.

इलिनॉयची गंमत तर वेगळीच. तिथे बायकांना राष्ट्राध्यक्षासाठी मत होतं, पण गव्हर्नरसाठी नव्हतं! म्हणून त्यांची मतपत्रिका वेगळी, मोजणीही वेगळी. १९१६ मध्ये बायकांनी कुणाला किती मतं दिली, याचा अंदाज नव्हे, पक्का आकडा मिळतो तो याच राज्यात. सर्व्हेवाल्यांसाठी खजिना!

पंडिताबाईंची नजर

या सगळ्यात आपलं कुणी होतं का? होतं! पंडिता रमाबाई. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या आणि पुढे अडीच वर्षांहून जास्त काळ अमेरिकाभर फिरल्या. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक आलं, तेही मराठीत. त्यात तिथली राज्यपद्धती आहे, घरदार आहे, शाळा आहेत आणि बायकांच्या स्थितीवर मोठं प्रकरण आहे. अमेरिकी बायकांना देशभर मताधिकार मिळायला अजून ३१ वर्षं होती, तेव्हा एक मराठी बाई त्यांच्या चळवळींची हकिकत मराठी वाचकाला सांगत होती. हे पुस्तक हातात आलं तर सोडू नका.

आईची चिठ्ठी

ऑगस्ट १९२०. मताधिकाराची घटनादुरुस्ती एका राज्याच्या मंजुरीवर अडलेली. राज्य टेनेसी. तिथल्या विधिमंडळात विरोधकांच्या कोटाला लाल गुलाब, समर्थकांच्या कोटाला पिवळा. २४ वर्षांचे हॅरी बर्न लाल गुलाब लावून बसलेले. पण खिशात आईचं पत्र! फेब बर्न यांनी मुलाला बजावलं होतं, शहाण्या मुलासारखा वाग आणि मिसेस कॅट यांना मदत कर. कॅट म्हणजे चळवळीच्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट. आईने पत्रात त्यांच्या नावावरून 'कॅट'ला 'रॅट' जोडून कोटीसुद्धा केली होती. पोराने बाजू बदलली. देशभरच्या बायकांचं मत पक्कं झालं. लाल गुलाब, पिवळं मत!

माहीत आहे का? पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळानेही बायकांना मताधिकार द्यायचं ठरवलं. मालमत्तेच्या अटी होत्या, त्यामुळे तो मिळाला मोजक्याच जणींना. पण दार उघडलं.

"हीच का अमेरिका?"

इथे जरा थांबू या, कारण ही गोष्ट भराभर सांगून टाकण्यासारखी नाही.

१९२० मध्ये मत मिळालं ते कागदावर सगळ्या नागरिक बायकांना. दक्षिणेकडच्या काळ्या बायकांना मात्र परीक्षा, कर आणि मारहाण यांच्या भिंती ओलांडाव्या लागत. मिसिसिपीतल्या फॅनी लू हेमर या २० भावंडांतल्या सगळ्यात धाकट्या. कापसाच्या मळ्यात मजुरी. आपल्याला मत देण्याचा हक्क आहे, हे त्यांना कळलं वयाच्या ४४ व्या वर्षी! ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या नाव नोंदवायला गेल्या. कारकुनाने राज्यघटनेतलं एक किचकट कलम पुढे ठेवलं आणि म्हणाला, अर्थ सांगा. नापास. घरी आल्या, तर मळ्याच्या मालकाने त्याच दिवशी घराबाहेर काढलं. पुढच्या वर्षी विनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतकं मारलं, की ती दुखणी जन्मभर राहिली.

२२ ऑगस्ट १९६४. अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरण्याच्या बेतात. लिंडन जॉन्सन यांचं नाव उमेदवार म्हणून पक्कं होणार. मिसिसिपीचं अधिकृत शिष्टमंडळ सगळं गोऱ्यांचं. राज्याचे खरे प्रतिनिधी कोण, हे ठरवणाऱ्या समितीसमोर हेमरबाई बसल्या, हातात कागदही नव्हता आणि जे सोसलं ते सांगत गेल्या. शेवटी विचारलं, हीच का ती अमेरिका?

ते टीव्हीवर लाइव्ह चाललं होतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काय केलं असेल? तातडीने पत्रकारांसमोर येऊन बोलायला सुरुवात केली! कॅमेरे व्हाइट हाउसकडे वळले, हेमरबाईंचं बोलणं मध्येच कापलं गेलं. पण चॅनेलवाल्यांनी त्याच रात्री ते दाखवलं. दुपारी जेवढ्यांनी पाहिलं असतं, त्याहून जास्त लोक रात्री टीव्हीसमोर होते. देशाच्या सगळ्यात ताकदवान माणसाला एका शेतमजूर बाईच्या प्रश्नाची धास्ती वाटली. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, मताधिकार कायदा आला. तो जॉन्सन यांच्याच सहीने.

रिकामी खुर्ची आणि २७ मिनिटं

चला, पुन्हा स्पीड पकडू या!

राष्ट्राध्यक्षपदाच्या टीव्ही डिबेट अनेक वर्षं कोण भरवत होतं, माहीत आहे का? ना सरकार, ना चॅनेल. भरवत होती लीग ऑफ वूमन व्होटर्स, म्हणजे मतदार बायकांची संघटना! स्थापना १४ फेब्रुवारी १९२०, शिकागो. व्हॅलेंटाइनच्या दिवशी लोकशाहीला दिलेलं गिफ्ट. सुरुवातीला लीगने नव्या मतदार बायकांसाठी शाळा घेतल्या. विषय काय, तर मत कसं द्यायचं आणि उमेदवाराला काय विचारायचं.

१९६० च्या केनेडी-निक्सन डिबेट आठवतात? चार फेऱ्या झाल्या आणि प्रश्न विचारणाऱ्यांत एकही बाई नव्हती. एकही! १९७६ मध्ये लीगने सूत्रं हातात घेतली आणि चित्र पालटलं. दुसऱ्या डिबेटच्या सूत्रसंचालक होत्या पॉलिन फ्रेडरिक, राष्ट्राध्यक्ष डिबेट चालवणारी पहिली बाई. याच पॉलिनना रेडिओवाल्यांनी तरुणपणी ऐकवलं होतं, की बाईच्या आवाजात वजन नसतं. त्या डिबेटच्या रात्री राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या तोंडून, पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, हे वाक्य निघून गेलं आणि ते त्यांना भलतंच महागात पडलं. तिसरी डिबेट बार्बरा वॉल्टर्स यांनी चालवली.

पण १९७६ ची खरी गंमत पहिल्या डिबेटमध्ये. फिलाडेल्फियाच्या थिएटरात मध्येच आवाज गेला. तब्बल २७ मिनिटं! फोर्ड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जिमी कार्टर दोघेही आपापल्या डेस्कमागे पुतळ्यासारखे उभे. ना बसायचं, ना एकमेकांशी बोलायचं. कोट्यवधी लोक घरी बसून दोन गप्प पुढारी बघत होते. राजकारणातलं असं दृश्य पुन्हा होणे नाही.

१९८० मध्ये कार्टर यांनी पहिल्या डिबेटला यायला नकार दिला, कारण तिथे अपक्ष जॉन अँडरसनही असणार होते. लीगने काय ठरवलं? त्यांच्या जागी रिकामी खुर्ची ठेवू! नुसत्या या बातमीनेच धुरळा उडाला. खुर्ची शेवटी ठेवली नाही, पण मेसेज पोहोचला.

१९८४ मध्ये प्रश्न विचारायला पत्रकार निवडायचे होते. दोन्ही कॅम्पेननी सुमारे १०० नावांवर काट मारली! चार पत्रकार बसायचे, तिथे तीनच बसले. १९८८ मध्ये दोन्ही कॅम्पेननी आपसात एक करारच करून लीगपुढे ठेवला, त्यात प्रश्न विचारणारे कोण आणि हॉलमध्ये प्रेक्षक कोण, इथपर्यंत सगळं ठरलेलं. लीगने जाहीर सांगितलं, की मतदाराच्या फसवणुकीत आम्ही सामील होणार नाही, आणि आयोजन सोडून दिलं. इतक्या मोठ्या इव्हेंटवर पाणी सोडायला हिंमत लागते. कडक सलाम!

आणि १९८८ च्या दुसऱ्या डिबेटला प्रश्न विचारणारं पॅनेल कसं होतं? सूत्रसंचालक पुरुष, पण पॅनेलवरच्या तिन्ही पत्रकार बायका. हॅट-ट्रिक!

बाई विरुद्ध बाई

१९६० च्या आधीही टीव्हीवर राष्ट्राध्यक्षपदाची एक चुरशीची चर्चा रंगली होती, माहीत आहे का? ४ नोव्हेंबर १९५६. उमेदवार दोन पुरुष, आयझेनहॉवर आणि स्टीव्हन्सन. पण त्यांच्या बाजू मांडायला बसल्या दोन बायका, सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ आणि एलेनॉर रूझवेल्ट. स्मिथबाईंनी पूर्ण वेळ शांत, मोजकं बोलून शेवटच्या दोन मिनिटांत जोरदार हल्ला चढवला. एलेनॉर इतक्या चिडल्या, की कार्यक्रम संपल्यावर हातही मिळवला नाही. परराष्ट्र धोरणावर अशी जुंपलेली चर्चा आजच्या टीव्हीवर शोधून दाखवा!

घड्याळ, बाइंडर आणि तीन चुका

१५ ऑक्टोबर १९९२, रिचमंड. पहिली टाउन हॉल डिबेट, म्हणजे प्रश्न पत्रकारांचे नाहीत, समोर बसलेल्या मतदारांचे. सूत्रसंचालक कॅरोल सिम्प्सन, राष्ट्राध्यक्ष डिबेट चालवणारी पहिली काळी बाई. एक तरुणी उभी राहिली. देशावरच्या कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? आणि तो झालाच नसेल, तर सामान्य माणसाच्या अडचणींवर तुम्ही उपाय कसा शोधणार?

ती प्रश्न विचारत असताना राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश थोरले मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते! कॅमेऱ्याने पकडलं. मग उत्तर देताना अडखळले, प्रश्न नीट कळला नाही म्हणाले. बिल क्लिंटन स्टूलवरून उठले, चार पावलं तिच्याकडे चालत गेले आणि आधी तिलाच विचारलं, तुझ्या ओळखीत कुणाची नोकरी गेली का? तिने 'कर्ज' म्हटलं होतं, तिला म्हणायचं होतं मंदी आणि बेकारी. एकाने शब्द ऐकला, दुसऱ्याने माणूस. बुश निवडणूक हरले. वेळ बघत होते आणि वेळ निघून गेली!

२०१२ मध्ये तर शाळकरी मुलींनी कमाल केली. १९९२ नंतर वीस वर्षांत एकाही राष्ट्राध्यक्ष डिबेटचं सूत्रसंचालन एकट्या बाईने केलं नव्हतं. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरच्या तीन मुलींच्या हे लक्षात आलं. (न्यू जर्सी! आपल्यातल्या निम्म्यांची मावशी, आत्या किंवा वर्गमैत्रीण तिथेच राहते.) त्यांनी ऑनलाइन अर्ज सुरू केला आणि त्यावर लाखाच्या वर सह्या पडल्या. त्या वर्षी टाउन हॉल डिबेट चालवली कँडी क्रॉली यांनी.

आणि त्याच डिबेटमध्ये २४ वर्षांच्या एका तरुणीने विचारलं, पुरुषांच्या पगाराच्या ७२ टक्केच पगार बायकांना मिळतो, ही तफावत तुम्ही कशी दूर करणार? उमेदवार मिट रॉम्नी यांनी सांगितलं, की गव्हर्नर असताना मंत्रिमंडळासाठी पात्र बायका शोधल्या, तेव्हा महिला संघटनांनी मला 'बायकांनी भरलेले बाइंडर' आणून दिले. झालं! डिबेट संपायच्या आत इंटरनेटवर विनोदांचा पाऊस. ऑनलाइन दुकानांत बाइंडरच्या साध्या फायलींखाली लोक धमाल रिव्ह्यू लिहू लागले.

ते बाइंडर खरोखर होते का? होते! २०१७ मध्ये बोस्टनच्या एका दैनिकाच्या हाती लागले. दोन पांढरे बाइंडर, आत ढीगभर बायोडेटा. वजन सुमारे ७ किलो. आपल्याकडे दिवाळी अंकांचा पूर्ण सेट उचलावा, तसं! मात्र त्या तरुणीचा मूळ प्रश्न होता पगाराचा, आणि तो हसण्याच्या गदारोळात मागेच राहिला. मला त्याचं वाईट वाटतं. प्रश्न चोख होता.

आता जरा मागे. २००४, सेंट लुईस. डिबेटचा अगदी शेवटचा प्रश्न. एक बाई उठली आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना म्हणाली, तुमचे चुकलेले तीन निर्णय सांगा आणि ते सुधारायला तुम्ही काय केलंत तेही सांगा. तीन! फक्त तीन! बुश यांनी मोठे निर्णय बरोबरच होते म्हटलं, काही नेमणुका चुकल्याचं कबूल केलं, पण नावं सांगितली नाहीत. यादी आलीच नाही. निवडणूक मात्र ते जिंकले.

फटाफट!

२००७ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारांना मतदारांनी यूट्यूबवरून प्रश्न विचारले. सुमारे ३,००० व्हिडिओ आले. त्यातला एक ब्रुकलिनच्या दोन तरुणींचा होता, आम्हाला एकमेकींशी लग्न करू द्याल का? डेनिस कुसिनिच यांनी स्वच्छ 'हो' म्हटलं, इतरांनी आडवळणं घेतली. आठ वर्षांनी, २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने देशभर 'हो' म्हटलं.

जानेवारी २००८, न्यू हॅम्पशायरमधलं एक कॉफी शॉप. एका मतदार बाईने हिलरी क्लिंटन यांना विचारलं, तुम्ही हे सगळं जमवता तरी कसं? हिलरींचा आवाज कातर झाला, डोळे पाणावले. तो क्षण टीव्हीवर गाजला आणि दुसऱ्या दिवशी त्या तिथली प्राथमिक निवडणूक जिंकल्या. माहीत आहे का, प्रश्न विचारणाऱ्या बाईने मत कुणाला दिलं? बराक ओबामांना!

एप्रिल २०१९, ह्यूस्टन. काळ्या, लॅटिना, आशियाई आणि मूळनिवासी बायकांनी प्रश्न विचारायचे आणि उमेदवारांनी उत्तरं द्यायची, अशी राष्ट्राध्यक्षपदाची पहिली सभा. आठ उमेदवार हजर. बाळंतपणात काळ्या बायकांचे मृत्यू जास्त होतात, त्यावरही प्रश्न आला.

२०२४ मध्ये जॉर्जियात सगळ्या बायकांच्या प्रेक्षकांसमोर डोनाल्ड ट्रम्प बसले. आयव्हीएफचा प्रश्न आला आणि त्यांनी स्वतःला 'आयव्हीएफचा पिता' म्हणवून घेतलं. त्याच महिन्यात लास व्हेगासमध्ये एका तरुणीने कमला हॅरिस यांना विचारलं, कागदपत्रं नसल्यामुळे हवे ते उपचार न मिळता माझी आई काही आठवड्यांपूर्वी गेली, अशा लोकांसाठी तुमचा प्लॅन काय? एक प्रश्न जन्माचा, एक मरणाचा. दोन्ही घरातून आलेले.

आणि आकडे? १९६४ पासून प्रत्येक राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत मतदान केलेल्या बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे. १९८० पासून तर मतदानाची टक्केवारीही जास्त आहे. २०२० मध्ये पुरुषांपेक्षा सुमारे ९७ लाख जास्त बायकांनी मत दिलं. न्यूझीलंडची अख्खी लोकसंख्याही याहून कमी आहे! कॅम्पेनवाले उगाच बायकांच्या प्रश्नांना घाबरत नाहीत.

माझं मत विचाराल तर या सगळ्यांत पहिला नंबर २००४ च्या त्या शेवटच्या प्रश्नाचा. तो कुठल्याही देशात चालतो, कुठल्याही निवडणुकीत चालतो, आमदारकीपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत. पुढच्या वेळी हात जोडून उमेदवार तुमच्या दारात आला, की विचारून बघा, तुमचे चुकलेले तीन निर्णय कोणते? आणि हो, उत्तर येईपर्यंत दार लावू नका.